मगरीचा निखळलेला डोळा

"वहिनी, मगरीच्या डोळ्याला तो घड्याळाचा सेल नको चिकटवूस. आपला ढब्बू हाताला लागेल ते तोंडात घालतो," मुलांची आत्या म्हणाली होती.

"अगं, गोंद कसला पक्का आहे! मगर फाटेल, पण डोळा नाही सुटायचा," म्हणत आईने ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी मुलांच्या अदलाबदलीच्या खेळातलं एक जुनं मगरीचं कार्ड आहे. थोरल्या ठकीसाठी आईने मला बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं. गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर माझ्यावर पसरला आणि तो ओला असतानाच वरून कांद्याच्या पिशवीची जाळी दाबली. जाळी उचलली, तर खाली खरीखुरी खवल्यांची पाठ! वर हिरवा रंग, वार्निश, आणि डोळ्याच्या जागी बंद घड्याळातला गोल, चकचकीत सेल.

"माझे वाघ-सिंह सगळे घे, पण मगर दे ना गं!" ठकीच्या मैत्रिणी विनवायच्या. ठकी कसली देतेय!

पुढे दोन-तीन महिन्यांतच माझ्या कडा सुटल्या, ठकीला नवी कार्डं मिळाली आणि माझी रवानगी सोफ्याखाली झाली.

एक दिवस ढब्बू रांगत तिथे आला. त्याने नखाने माझा डोळा उचकटला. सेल ओठांशी गेला आणि हात रिकामा झाला. मला ओरडायचं होतं. पण कार्डाला कुठला आवाज? आत आई फोनवर हसत होती.

मग ढब्बूची लाळ थांबेना. "दात येत असतील," बाबा म्हणाले. दूध पुढे केलं, तर त्याने मान फिरवली. आईचं मन काही मानेना. तिने सोफा सरकवला, मला उचललं. डोळ्याच्या जागी नुसता गोल खळगा पाहून ती पांढरीफटक पडली.

"अहो, गाडी काढा! आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टरांनी त्या खळग्यावर बोट ठेवलं. "एवढा होता? बटण सेल?" आईने मान डोलावली. "अन्ननलिका आतून भाजतो हा सेल. द्या बाळाला इकडे."

दार बंद झालं. बाहेर आईने मला इतकं आवळून धरलं, की माझे खवले तिच्या तळहातावर उमटले.

सेल निघाला. ढब्बू घरी आला. पण घास गिळताना तो अजून रडतो, आणि त्याच्या प्रत्येक घासाला आई श्वास रोखून बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी रांगतं बाळ असेल आणि आत्ता त्याचा आवाज येत नसेल, तर माझी गोष्ट राहू द्या. आधी उठा. त्याच्याजवळ जा आणि त्याची मूठ उघडून बघा.