हलगी बाहेर ठेवा

नळदुर्गात ख्रिस्ती कलावंतांचं मंडळ निघणार म्हटल्यावर सगळ्यात आधी मी नाव दिलं. मी चर्चमध्ये गाते. कलावंतांनी एकमेकांना धरून राहायचं, असं अध्यक्ष सुमंतब्रदर म्हणाले होते आणि मला ते लई पटलं होतं.

चर्चमधल्या पहिल्या सरावाला आमच्यातलेच एलियाकाका हलगी जाळावर शेकून घेऊन आले. ती बघून सुमंतब्रदरनी नाक मुरडलं.

"काका, हलगी बाहेर ठेवा. वेदीपुढं चामडं बरं दिसत न्हाय. लोक म्हणतील, हे अजून तेच."

"तेच म्हंजे कोण?" मी विचारलं.

ब्रदर गाण्यांची वही चाळायला लागले. कळलं मात्र सगळ्यांना होतं. सुमंतब्रदरचा आजा आणि काकांचा बाप एकाच ताफ्यात, वरातीपुढं हलगी वाजवायचे.

काका निमूट बाहेर चपलांपाशी जाऊन बसले. आत प्रार्थना झाली, आपण सारे एकाच देहाचे अवयव म्हणून.

गाणं सुरू झालं, पण ठेक्याशिवाय ते उभंच राहीना. तेव्हा सुमंतब्रदरनी नव्या ऑक्टोपॅडचं बटण दाबलं. रबराच्या त्या पॅडमधून हलगी कडाडली आणि सगळे माना डोलवायला लागले. चामड्याचा विटाळ होता, आवाजाचा नव्हता.

मी गाणं अर्धवट टाकून बाहेर आले. काका मांडीवर बोटांनी तोच ठेका धरून बसले होते.

"माझाच हात हाय ह्यो, पोरी," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात ब्रदर घरी येऊन माझी हलगी मोबाईलात भरून घेऊन गेले."