पुन्हा शिडीवर

“चढताय ना? की मी होऊ पुढं?” पंपवाल्या बाईंनी मागून विचारलं.

मेकॅनिकचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता आणि दुसरा काही केल्या जमीन सोडत नव्हता. सव्वा वर्षापूर्वी अशाच एका शिडीवरून तो कोसळला होता. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली, आणि तेव्हापासून तो वर्कशॉपच्या टेबलापाशी बसून मीटर दुरुस्त करत होता. आज शिडीची कामं करणारा जोडीदार तापानं फणफणला होता आणि हॉस्पिटलचं काम थांबण्यासारखं नव्हतं. गेल्या आठवड्यात डायलिसिसला पाणी पुरवणारी ही टाकी ध्यानीमनी नसताना रिकामी झाली, सहा पेशंटांची मशिनं मध्येच बंद करावी लागली.

“दिवसातून आठदा चढून झाकण उघडून बघते मी,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी गुडघा धरला, एक खेप चुकली. तेव्हापासून घास उतरत नाही बघा.”

मेकॅनिक चढला. कसा, ते त्याचं त्यालाच ठाऊक. झाकणावरच्या भोकात त्यानं सेन्सर बसवला, वायर सोडली आणि खाली येऊन पॅनेलवर टाकीची उंची भरली. सेन्सर वरून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो. तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून पातळी कळते. आकडा आला. बाईंनी पंप सुरू केला, तसा तो आकडा वेड्यासारखा उड्या मारू लागला.

“बिघडलंय का हो?”

“सेन्सर चांगलाय. चूक माझी. शेजारी पाइपाची धार पडते, तीच त्याला पाणी वाटतेय. पलीकडे दुसरं भोक होतं. पण शिडी सोडून तिथवर सरकायची हिंमत झाली नाही माझी.”

बाई हसल्या नाहीत. “मग उद्या जोडीदारालाच पाठवा.”

“उद्यापर्यंत तुम्ही आठदा चढाल. थांबा इथंच, आकडा ओरडून सांगा.”

वर पोचल्यावर त्यानं सेन्सर काढून घेतला, कमरेचा पट्टा कठड्याला अडकवला आणि गुडघ्यांवर रांगत पलीकडचं टोक गाठलं. दुसऱ्या भोकाचं बूच काढून सेन्सर सरळ ओळंब्यात बसवला.

“बोला!”

“एक मीटर बेचाळीस! पंप चालू आहे! त्रेचाळीस! अहो, उड्या मारत नाही आता!”

त्यानं मोजायची टेप टाकीत सोडून पाहिली. त्रेचाळीसच.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. “जेवलास का? आहेस कुठं?”

“टाकीवर.”

“मग फोनवर काय बोलत बसलायस?” तिचा आवाज कापत होता आणि हसतही होता. “दोन्ही हातांनी धर आणि सावकाश उतर.”

तो लगेच उतरला नाही. पाय लांब करून वाऱ्यात बसून राहिला. खाली बाई, कुणी विचारलं नसतानाही, एकेक आकडा मोठ्यानं वाचत होत्या.