अर्लीनची सुरी

"तुझ्या भावाच्या हातात तेव्हा काय होतं, अर्लीन?" बचावाचे वकील प्रूइट यांनी विचारलं.

साक्षीच्या खुर्चीत बसलेली अर्लीन बोलेना. आरोपीच्या टेबलाशी बसलेली मॉझेल मात्र निश्चिंत होती. अर्लीन जरा थांबूनच बोलते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? नदीकाठच्या शेडमध्ये दोघी उभा जन्म शेजारीशेजारी उभ्या राहून कालवं फोडत आल्या होत्या. गाणं मॉझेलच उचलायची,

नदी गं नदी, मला पल्याड ने

आणि हातातला शिंपला फुटेपर्यंत अर्लीन थांबायची, मग ओळ झेलायची,

ने गं ने, ओल्या पायांनी ने.

ते थांबणं मॉझेलच्या अंगात मुरलं होतं. आताही तिने तेवढा श्वास धरून ठेवला.

"काही नव्हतं," अर्लीन म्हणाली. "रिकामे होते हात त्याचे."

प्रूइट यांनी कागदातून चटकन मान वर केली. "आणि तुझी सुरी? कालवं फोडायची?"

"माझी सुरी माझ्याकडंच होती."

पहिल्या बाकावर काळ्या कपड्यात बसलेल्या इडामावशीने डोळे मिटून "आमेन" म्हटलं. ती अर्लीनची आई, आणि मेलेल्या रॉस्कोचीही.

मॉझेलने रॉस्कोला मारलं होतं, हे ती नाकारतच नव्हती. तो चार वर्षं तिच्या घरी राहिला, प्यायला, पिऊन हात टाकायला लागला. थंडी सुरू झाली तशी तिने त्याचे कपडे पिशव्यांत भरले आणि इडामावशीच्या ओसरीवर नेऊन ठेवले. त्या शनिवारी तो शेडवर आला. बाकीच्या बाया घरी गेल्या होत्या, दोघीच उरल्या होत्या. आला तो हसतच आला.

"अर्ली, दे गं तुझी सुरी. दोन कालवं तरी खाऊ दे गरिबाला."

"घे, मेल्या. बोट कापून घेशील, बघ," म्हणत बहिणीने सुरी त्याच्या हातात दिली. त्याने खरंच दोन कालवं फोडली, शिंपल्यातलं खारं पाणी पिऊन टाकलं, बाहीला तोंड पुसलं. मग तो मॉझेलकडे वळला.

"माझे कपडे रस्त्यावर काढतेस काय?"

कालवं फोडायला उभं राहायची जागा म्हणजे फळ्यांची अरुंद चौकट. तीन बाजू बंद असतात, चौथ्या बाजूने आत शिरायचं. त्या चौथ्या बाजूला तो उभा होता. पहिला वार तिच्या दंडाला चाटून गेला. दुसऱ्याला तिचा हात आपसूक पुढे झाला, आणि त्या हातात तिची सुरी होती. रॉस्को रिकाम्या शिंपल्यांच्या ढिगावर बसला, दमलेला माणूस बसतो तसा, आणि पुन्हा उठला नाही.

अर्लीन टेलिफोनकडे धावली. मॉझेलचं डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. दिवस संपला की हात जे करत आले होते तेच त्यांनी केलं. दोन्ही सुऱ्या उचलल्या, क्लोरीनच्या बादलीत धुतल्या, पुसल्या, भिंतीवरच्या खिळ्यांना टांगल्या. शेरीफची माणसं आली तेव्हा सगळ्या सुऱ्या एका रांगेत लखलखत होत्या.

ती माणसं येण्याआधी अर्लीन कोपऱ्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी दिली गं. माझ्या हातानं दिली."

"गप," मॉझेल म्हणाली. "त्यानं टेबलावरून ओढून घेतली. तुझ्या आईच्या कानावर दुसरं काही जायला नको." आणि शेरीफला तिने तसंच सांगितलं, खाली सही केली. अर्लीन तेव्हा रडत होती, तिला धड बोलता येत नव्हतं. पुढे प्रूइट यांना मात्र तिने सांगून ठेवलं होतं, ओढून घेतली म्हणून कोर्टात सांगेन.

जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या स्वच्छतागृहात अर्लीन एकटीच नळाखाली हात धरून उभी होती. शेजारचा नळ मॉझेलने सोडला.

"असं बघू नकोस माझ्याकडं," अर्लीन म्हणाली.

"कुठं बघतेय? हात धुवायला आलेय."

"माय समोर बसली होती गं."

"मी पण समोरच बसले होते."

अर्लीनने साबण उगाचच फिरवला. "सुरी म्हटलं की ती विचारणार, कुणाची? मग मी काय सांगू?"

"ओढून घेतली म्हणायचं ठरलं होतं. तुझ्यासाठीच म्हणाले ना मी?"

"तिला माझं खोटं कळतं. लहानपणापासनं कळतं."

"मघाशी नाही कळलं ते?"

"मघाशी तिला तेच ऐकायचं होतं." अर्लीनने नळ बंद केला. "एकदा पुरलंय आम्ही त्याला, मॉझेल. परत नाही पुरवत. आणि तू बाईमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोडतील तुला."

"कशावर सोडतील? तोंडावर माझ्या?"

अर्लीनने कागदाला हात पुसले. जाताना दार तिने हळूच ओढून घेतलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

दुपारी मॉझेल साक्षीला बसली. बायबलवर हात ठेवून आता तिला अर्धंमुर्धं बोलायचं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, दोन कालवं, खारं पाणी, बाही, सगळं. "सुरी अर्लीननं दिली त्याला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं."

सरकारी वकील सावकाश उठले. आधी दंडावरचा व्रण. "कालवं फोडणाऱ्या बाईच्या हातावर व्रण नसतो, असं कधी झालंय का?" मग धुतलेल्या सुऱ्या. मग त्यांनी शेरीफचा कागद उचलला. "इथं तुझी सही आहे. त्यानं ओढून घेतली, म्हणतेस. आज म्हणतेस, तिनं दिली. मग खोटं कधी बोललीस?"

"तेव्हा."

"कशापायी?"

"तिच्या आईला ऐकवणार नाही म्हणून."

"म्हणजे मैत्रिणीसाठी तू शेरीफपुढं खोटं बोलतेस." ते ज्यूरीकडे वळले. "स्वतःच्या सुटकेसाठी बोलणार नाहीस?"

बाराही माणसं वकिलाकडे बघत होती. मॉझेल बघत होती पहिल्या बाकाकडे. इडामावशीने मान वळवून लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अर्लीनची हनुवटी छातीला टेकली. म्हातारीला कळलं. कळलं ते मॉझेलला लख्ख दिसलं. मग इडामावशीने पर्स मांडीवर नीट ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

निकाल दिवेलागणीच्या आत आला. सदोष मनुष्यवध, पाच वर्षं. प्रूइट अपिलाचं काही बोलत होते. शिपाई म्हणाला, "बाई, टोपी, कानातलं, पर्स. तिकडं नेता येत नाही. घरचं कुणी आहे?"

घरचं कुणी नव्हतं. मॉझेलने कानातले डूल काढले, पिना काढल्या, चर्चला जायची जांभळी टोपी उतरवली. कठड्यापलीकडून अर्लीन पुढे आली. तिचा चेहरा रडून सुजला होता. तिने दोन्ही हात पसरले.

"दे माझ्याकडं. मी सांभाळीन गं."

मॉझेलने डूल पर्समध्ये टाकले, पर्स मिटली, आणि टोपी नि पर्स प्रूइट यांच्या हातात दिली.

"वकीलसाहेब, टोपी कुणालाही द्या. जिला बसेल तिला."

प्रूइट यांना टोपी कशी धरायची कळेना. काठोकाठ भरलेली परात धरावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. अर्लीनचे हात कठड्यावर तसेच पसरलेले होते. मॉझेलने टोपीखाली दबलेले केस तळव्यांनी मागे सारले, मान सरळ केली, आणि शिपायाला म्हणाली, "चला."