चुन्याची निवळी

नीळ घुसळायचा तो हौद अजून माझ्या स्वप्नात येतो. नदीवरचं धुकं, लांब दांड्यांनी पाणी ढवळणारी माणसं, आणि बघता बघता हिरव्याचं निळं होणारं पाणी. हे सगळं असंच घडलं का, कोण जाणे. जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेल्याच्या आठवणीवर फार विसंबू नये.

अमेरिकेत, कॅरोलायनातल्या कर्नल लॅस्कमच्या मळ्यावर मी त्यांच्या मुलांचा मास्तर होतो. थोरली हेन्रिएटा लग्न होऊन सँटी नदीपलीकडे जाणार होती. मुलीबरोबर चांदीची भांडी, पलंग आणि एक दासी पाठवायची त्या घरांची रीत. दासी ठरली फिबी. तिचा बाप क्वामिनो, गुलामांमधला निळीचा जाणकार. हौदात चुन्याची निवळी नेमकी कधी ओतायची, हे साऱ्या मळ्यात त्याच्या एकट्याच्या नजरेला कळे. जरा उशीर झाला की रंग काळवंडलाच.

"मास्तर, मालकांना सांगा ना," तो एकदा म्हणाला. "एवढी एकच पोर उरलीय. नदीपलीकडे गेली म्हणजे मला मेलीच की."

"सांगतो," मी म्हणालो.

आठ दिवस जेवणाच्या टेबलावर मी शब्द जुळवत राहिलो.

"काही म्हणत होता, मास्तर?" कर्नल विचारत.

"मीठ... जरा मीठ द्या."

"बाबा, मास्तरांना मीठ फार लागतं हं!" हेन्रिएटा हसायची.

नवव्या दिवशी सकाळी कर्नल होणाऱ्या जावयाला हौद दाखवायला घेऊन आले. मुलांना घेऊन मीही मागोमाग होतो. क्वामिनोनं चांदीच्या पेल्यात पाणी घेतलं, उजेडाकडे धरलं.

"काय रे, ओतायची निवळी?" कर्नलनी विचारलं.

"मालक म्हणतील तसं."

"तुला विचारतोय मी!"

"मास्तर शिकलेले आहेत," क्वामिनो म्हणाला. "त्यांना विचारा."

त्यानं पेला माझ्या हातात दिला. आत निळे कण तरंगत होते, धुक्यातून पाखरांचा थवा उतरावा तसे.

"बोला मास्तर," कर्नल हसले, "की इथंही मीठ हवंय?"

"फिबीला इथंच ठेवा," कुणीतरी बोललं. आवाज माझाच होता. "मग तो सांगेल."

दांडे थांबले. कर्नलचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हौदाकडे. पंधरा दिवसांची कापणी त्यात होती, आणि पाणी गडद होत चाललं होतं.

"राहू दे पोरगी! आता बोल!"

"ओता," क्वामिनो हळूच म्हणाला.

तसा निळा रंग मी पुन्हा पाहिला नाही. नाताळच्या आत मला नोकरीवरून काढलं, त्याचं काही नाही. पण रीत मोडली नव्हती. हेन्रिएटाबरोबर बायना नावाची दुसरी मुलगी गेली. तिचा बाप भाताच्या खाचरात राबायचा, त्याला निळीतलं काही कळत नव्हतं. होडी सुटली तेव्हा तो धक्क्यावर माझ्या शेजारीच उभा होता.

त्याची नजर टाळून मी पाण्याकडे बघत राहिलो.