नसेची डबी कशी हरली

मित्रांनो, मी जुनी आहे, पितळी आहे आणि सध्या अगदी रिकामी आहे. यातलं तिसरं मी मिरवून सांगते. डबीनं रिकामेपणा मिरवावा हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आधी माझी हकीकत ऐका.

एका तांबटानं मला ठोकून घडवलं. भागाबाईनं मला सेलूच्या बाजारात निवडलं आणि तिची लेक अनुसया लग्न होऊन नालवाडीला निघाली, तेव्हा माझ्यात नस भरून तिच्या हाती ठेवलं. नस म्हणजे तव्यावर काळीभोर भाजून वाटलेली तंबाखू. आमच्याकडे बायका ती बोटानं दातांना घासतात. दाताचं हेच औषध, असं आईनं सांगितलं होतं आणि लेकीनं ते जन्मभर पाळलं.

माझं तर नशीबच फळफळलं. कापूस वेचून बायका शेताच्या बांधावर, धुऱ्यावर टेकल्या, की पहिली आठवण माझी. अनुसयाबाईच्या कमरेला मी सदा खोचलेली असे. नवऱ्यापेक्षा डबीच लाडकी, असं म्हणून बायका तिला चिडवत आणि मी आतल्या आत फुलून जाई. एवढा तोरा पुन्हा कुणाला मिळायचा नाही.

मग वय झालं आणि तिच्या डाव्या जबड्यात गाठ आली. गाल सुजला. दुखणं वाढलं तशी तिनं नस वाढवली, कारण औषधच ते! शेवटी सून भावना तिला बळेच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर अंकिताताईंनी जबड्याचा एक्स-रे पाहून सांगितलं, की गाठ आतून हाड पोखरते आहे. ती काढली नाही तर एक दिवस भाकरीचा घास चावतानाच जबडा मोडेल.

ऑपरेशनची तयारी सुरू झाली. रक्त तपासलं, साखर तपासली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून पोटात काही नको, फक्त बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत. बांगड्या घरी ठेवायच्या, सोबत माणूस आणायचं आणि तोंड स्वच्छ करून यायचं. तंबाखू खाता का, असंही ताईंनी विचारलं. अनुसयाबाईनं ठणकावून नाही म्हटलं, भावनानंही मान डोलावली. दोघी खोटं बोलत नव्हत्या बरं का. आमच्याकडे नसेला कुणी तंबाखूत मोजतच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी अनुसयाबाईनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गोळीपुरता घोट सोडला तर पाण्याला शिवली नाही. आणि तोंड स्वच्छ हवं म्हणून नस नेहमीपेक्षा जास्त घासली, हिरड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात. ताईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर आत सगळं काळं.

"हे काय लावलंय आजी?"

"नस लावली. तुमीच म्हटलं ना, तोंड साफ करून या म्हणून."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला मागून घेतलं, उघडून वास घेतला आणि समजावलं, की आजी, ही तंबाखूच आहे, फक्त भाजलेली. अशा तोंडात चिरलं तर जखम भरत नाही, टाके उसवतात. ऑपरेशन पुढे ढकललं.

घरी येताच भावना मला नालीत फेकायला निघाली, तर सासूनं तिचा हात धरला.

"फेकू नको. डोयासमोर राहू दे. पाहू कोण जितते."

मला फळीवर ठेवलं, भरलेलीच. मी मनात हसले. इतक्या वर्षांची संगत, चार दिवसांत परत येईल माझ्याकडे, असा माझा हिशोब होता. आणि तसंच दिसू लागलं. तिचं डोकं दुखे, झोप उडे. भाजीत मीठ कमी म्हणून तिनं भावनाला फाडून खाल्लं आणि मग स्वतःच रडली. बडीशेप चघळून झाली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून झाल्या. मला उचलायची, हातात तोलायची आणि परत ठेवायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं माझं झाकण उघडलं. वास दरवळला. मला वाटलं, जिंकले. तिचं बोट माझ्या काठाशी आलं आणि तिथंच थांबलं. मग माझ्याशी नाही, आईशी बोलल्यासारखी म्हणाली, "माय, तुही चूक नाई. तुले माईत नोतं. मले माईत झालं."

आणि तिनं मला मोरीत पालथं केलं. राखेनं घासलं, धुतलं, पदरानं पुसलं. मी लग्नातल्यासारखी चकाकले.

पुढच्या खेपेला ताईंनी दिवा धरून तिचं तोंड नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वा आजी!" अनुसयाबाई ताठ मानेनं आत गेली, जणू पारितोषिकच घ्यायला निघाली होती. गाठ निघाली. तपासणीत ती कॅन्सरची नव्हे, साधीच ठरली. जखम अशी भरली, की टाके काढताना ताईंनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ती दाखवली. घरी आल्यावर शेजारणी जमल्या आणि सवयीनं नस मागू लागल्या, तेव्हा अनुसयाबाईनं उत्तर म्हणून भलामोठा आ केला. गुलाबी हिरड्या बघायला सगळ्या वाकल्या. त्यातल्या दोघींनी आपापल्या डब्या मोरीत उलट्या केल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत फळीवर माझ्याही कानी आली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या आजीच्या कमरेला माझी एखादी बहीण असेल, तर तिची गय करू नका. आजीवर ओरडू नका, तिचा हात धरा आणि डबी तिलाच पालथी करू द्या. आम्ही डब्या रुसणार नाही. अनुसयाबाईकडून हरले, याचा मला माझ्या सगळ्या तोऱ्याहून जास्त अभिमान आहे.