मोटारीच्या डोंग्याची दोरी

मुखरूनं तिसऱ्यांदा डोंग्याच्या फळीवर बोटांची पेरं ठोकली आणि कान लावून ऐकलं. फळी ठणठणीत वाजली. त्यानं तोंड वाकडं केलं.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

"पोकळ?" नूर मोहम्मद वाळूत उकिडवा बसला होता, तो जागचा हललासुद्धा नाही. "आलापल्लीचं सागवान आहे भाऊ. पोकळ असन त माह्यं नाव बदलून टाका."

अहेरीच्या खाली, प्राणहितेच्या काठावर हे सकाळपासून चाललं होतं. आता ऊन डोक्यावर आलं होतं. डोंगा अर्धा वाळूवर आणि अर्धा पाण्यात होता. मागच्या टोकाला लोखंडी चापात आवळलेली मोटार होती, तिचा पंखा पाण्यात बुडालेला. बांबूचा एक ठेकेदार जंगलाचं काम संपवून निघाला तेव्हा डोंगा नूर मोहम्मदला विकून गेला होता. नूर मोहम्मद अहेरीत ट्रक, पाण्याचे पंप आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचा. मोटार त्यानं सुटी करून पुन्हा जोडली होती आणि तिच्याविषयी तो घरच्या लेकराविषयी बोलावं तसं बोलत होता.

मुखरू मोटारीकडं बघतच नव्हता. तो लाकडाकडं बघत होता. सावली गावाकडच्या काठावरून नदीपलीकडं मार्कंड्याला माणसं नेणारा हा ढिवर, तीस वर्षं घाट सांभाळून होता. लाकूड त्याला कळत होतं. या डोंग्याचं लाकूड उत्तम आहे हे त्याला पहिल्याच टिचकीला कळलं होतं. पण तसं कबूल करणारा गिऱ्हाईक तो नव्हता.

"इथी सांध्यात पाणी झिरपून राह्यलं," तो म्हणाला. "सहाशे."

"सकाळी बी सहाशेच म्हणत होते. मी आठशेवरून साडेसातशेवर आलो. तुमी काऊन हालत नाई?"

"माल हालाले लायक नाई म्हणून."

मुखरूची बायको सुगंधाबाई दूर वाळूवर एकटी बसली होती. दोन म्हशी आणि तिचे चांदीचे गोठ विकून आलेले पैसे तिच्या कमरेला बांधलेले होते, आणि पैसे जातील तिथं मी येईन असं तिनं घरीच बजावलं होतं. ती आली, पण डोंग्याजवळ गेली नाही. मुखरूच्या आजापासून त्या घरात एक नेम होता: बाईमाणसानं डोंग्याच्या मागच्या टोकाला बसायचं नाही, वल्ह्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन सव्वीस वर्षं ती डोंग्यात मधे बसत आली होती, गाठोड्यांच्या आणि शेळ्यांच्या रांगेत.

"भाऊ," नूर मोहम्मद शेवटी उठला, "लाकडाले किती ठोकसान? मोटारीचा डोंगा घ्याले आले, मोटार त पाहा. दोरी ओढा, सुरू करा, कान लावा. मंग भाव बोला."

"तुमीच करून दाखवा ना."

"मी नाई. मागं सिरोंचाचा एक गिऱ्हाईक आला होता. मी सुरू करून दिली, तो खुशीत घेऊन गेला. आठ दिवसानं वापस आणली. म्हणे सुरूच होत नाई, तुमी फसवलं. त्याले ओढताच येत नव्हती दोरी, अन् चोर मी! तवापासून कसम खाल्ली. ज्याले चालवाची त्यानंच सुरू कराची."

मुखरूनं पुन्हा फळी ठोकली. चौथ्यांदा.

हे घोडं कुठं अडलं होतं ते त्या वाळूवर दोघांनाच माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात पुरातून येणारं एक झाड डोंग्यावर आदळलं, तेव्हापासून मुखरूचा उजवा खांदा गेला होता. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथं थांबायचा. रोज मोहाच्या टोरीचं तेल चोळणाऱ्या सुगंधाबाईखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. शिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा दोन महिन्यांवर आली होती. जत्रा झाली की जनपद सभेच्या कचेरीत घाटाच्या ठेक्याचा लिलाव. पलीकडच्या काठावरचा नावाडी दसरू टपूनच बसला होता. मुखरूचा हात गेला हे कळायचा अवकाश, घाट त्याच्या घशात गेलाच म्हणून समजा. म्हणून मोटार हवी होती. मोटारीला खांदा लागत नाही, असं मुखरू महिनाभर मनाशी घोकत आला होता.

आणि आता हा बाबा म्हणत होता, दोरी ओढ.

संताप आला त्याला. नूर मोहम्मदचा आला, सिरोंच्याच्या त्या अडाणी गिऱ्हाइकाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हातानं होत नाही म्हणून घ्यायची वस्तू, तिलाही आधी हातच लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारायचं तरी कुणाला?

"दोरी जुनी दिसते," तो म्हणाला.

"नवी आहे."

"तेल सांडलं आहे मोटारीवर."

"ते मीच लावलं! कोरडी ठेवू काय?" नूर मोहम्मदचा आवाज चढला. "सकाळपासून चार खेप फळी ठोकली, दोन खेप तळ चाटला, मोटारीले बोट नाई लावलं. घ्याची नसन त तसं सांगा. माह्यं दुकान बंद आहे तुमच्यापायी."

मुखरू दातओठ खात पाण्यात उतरला आणि मागच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. नूर मोहम्मदनं मोटारीच्या डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळून दिली. एका हातानं मोटार दाबून धरायची, दुसऱ्यानं दोरीला हिसका द्यायचा. मुखरूनं दोरी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मोटारीवर टेकवला.

"डावे हाताचे आहे काय?" नूर मोहम्मदनं विचारलं.

मुखरूनं दोरी ओढली. मोटार जागची हलली, उजव्या हाताला ती दाबून धरता येईना. दोरी अर्धवट उलगडून सैल पडली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा खांद्यात अशी चमक निघाली की त्याच्या तोंडून आवाज निघाला. तो त्यानं खोकल्यासारखा करून टाकला. तिसऱ्यांदा त्यानं दोरी गुंडाळलीच नाही.

"बिगडेल आहे," तो धापा टाकत म्हणाला. "पाचशे बी जास्त होते हिचे."

नूर मोहम्मद चिडून काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर मुखरूच्या उजव्या हातावर गेली. तो हात पोटाशी धरलेला होता. यंत्रांतला बिघाड शोधत त्याचा जन्म गेला होता.

मागं वाळू करकरली. सुगंधाबाई उठून येत होती. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात उतरली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

"तू कुठी चालली? मांगच्या टोकाले हात नोको लावू."

"सरका म्हटलं ना."

ती ज्या आवाजात बोलली तो मुखरूनं फार क्वचित ऐकला होता. तो सरकला. सकाळपासून लांबून बघत असलेली बाई, तिनं दोरीची गाठ चाकाच्या खाचेत बरोबर अडकवली, तीन वेढे दिले, डावा हात मोटारीवर रोवला आणि उखळातून मुसळ उचलावं तसा पाठीतून हिसका दिला. मोटार खोकली. तिनं पुन्हा दोरी गुंडाळली, पुन्हा ओढली.

मोटार सुरू झाली. काठावरचे बगळे उडाले. निळा धूर पाण्यावर पसरला आणि मागच्या टोकाशी पाणी उसळू लागलं. सुगंधाबाई घाबरून एक पाऊल मागं सरली, मग हसली. तिचं हसू पाहून मुखरूला आणखीच राग आला. आणि त्या रागाखाली काहीतरी दुखलं, ते खांद्यात नव्हतं.

नूर मोहम्मदनं वाकून मोटार बंद केली.

"ज्यानं सुरू केली त्याच्याशीच भाव," तो म्हणाला. आवाजात मघाचा कडकपणा नव्हता. "बोला बाई. किती?"

"ती काय बोलन?" मुखरू म्हणाला. "सहाशे. मीच बोलून राह्यलो."

"सातशे," सुगंधाबाई म्हणाली.

मुखरू तिच्याकडं बघतच राहिला. सकाळपासून घसा फोडून तो एक रुपया वर चढला नव्हता, आणि हिनं एका दमात शंभराला पाणी सोडलं. "डोकं फिरलं काय तुहं? आपल्यापाशी साडेसहाशे आहेत!"

"सातशे आहेत. पन्नास मी तुमाले सांगतले नाई." मग ती नूर मोहम्मदकडं वळली. "सातशे देतो. पण आमच्या घाटापर्यंत संगं या. तीन दिवस लागन. तेवढ्यात मले शिकवाचं."

मले. हा शब्द तिनं अगदी साधा उच्चारला, पायलीभर तांदूळ मागावा तसा. मुखरू पाण्याकडं बघू लागला.

"शिकवतो," नूर मोहम्मद म्हणाला. मग मुखरूकडं न बघता, मोटारीचा चाप घट्ट करत, त्यानं जोडलं, "दुकान तसं बी बंदच आहे. आन् भाऊ, मले गिऱ्हाइकाच्या गोष्टी सांगत फिराची आदत नाई."

मुखरूनं वाळूवर पडलेलं आपलं वल्हं उचललं.

तासाभरानं डोंगा पाण्यात ढकलला. मुखरू सवयीनं मागच्या टोकाकडं गेला आणि थांबला. तिथं सुगंधाबाई बसली होती, मोटारीचा दांडा दोन्ही हातांनी धरून. मधे नूर मोहम्मद तेलाचा डबा मांडीशी घेऊन बसला होता. मुखरू पाण्यात तसाच उभा राहिला. मग तो डोंग्याला वळसा घालून पुढं गेला आणि चढला. तीस वर्षांत तो डोंग्यात कधी पुढं बसला नव्हता. घरून आणलेलं वल्हं त्यानं गुडघ्यांवर आडवं ठेवलं.

मोटार धडधडत प्रवाहाविरुद्ध निघाली. मागं नूर मोहम्मद ओरडून सांगत होता, "दांडा उजवीकडं केला की डोंगा डावीकडं जाते, बाई! उलटं आहे सगळं!"

"कळलं, कळलं!"

घाटावर काय सांगायचं ते मुखरू मनाशी जुळवत होता आणि काही केल्या जुळत नव्हतं. दसरू काय म्हणेल ते मात्र त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. वल्हं उचलून पाण्यात भिरकावून द्यावंसं त्याला वाटलं.

समोर पाण्याचा पोत बदलला. वीतभर रुंदीचा एक पट्टा गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या पुढं बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. मागं बसलेल्या दोघांना तो दिसणं शक्य नव्हतं, आणि दिसला असता तरी कळला नसता.

मुखरूचा उजवा हात आपोआप उठला आणि छातीशी येऊन थांबला. त्यानं डावा हात वर केला.

"सुगंधे," तो मागं न बघता ओरडला, "डावीकडून काढ. इथी पाण्याखाली खडक आहे."

डोंगा क्षणभर अडखळला, चुकून उजवीकडं झुकला, मग हळूहळू डावीकडं वळला. खडक हातभर अंतरावरून मागं गेला. मुखरूनं हात खाली घेतला नाही. पुढंही त्याला पाणी बदललेलं दिसत होतं.