मासा बघण्याचा कार्यक्रम

“कोण गं ती? लीला की प्रभा?”

आत्याचा हा आवाज लीलाला अजून ऐकू येतो. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या स्वयंपाकघरात पोह्यांवर पाण्याचा हबका मारताना तर हमखास. आत्याला या जुळ्या भाच्या कधी ओळखू आल्या नाहीत. मग ती आपली गुणगुणायची:

एका वेलीवर दोन फुलं, रंग एक, वास एक
हाक मारावी एकीला, ओ देते दुसरी लेक

आज रविवार. रविवारी लीलाच्या दिवाणखान्यात मासा बघण्याचा कार्यक्रम असतो.

त्याचं असं झालं, की गावाबाहेरच्या तळ्यात कुणीतरी घरच्या टाकीतले मासे सोडून दिले. दोन जातींचे, दोन्ही वाटोळे, झळाळते, तळहाताएवढे. एक सोनेनबार्श, दुसरा त्याचा निळा भाऊबंद. गळ टाकणाऱ्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, तट पडले. एक तट म्हणे तळं सोनेनबार्शचं, दुसरा म्हणे निळ्याचं. काठावरच्या पाटीवर कोणता मासा रंगवायचा ते ठरेना, म्हणून पाटी कोरीच उभी राहिली. शेवटी लीलाचे यजमान कुमार बोलले. गाड्यांच्या दारांची रबरं तपासण्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, “कान बघा.” कल्ल्याच्या मागे कानासारखी काळी पाळी असते. सोनेनबार्शच्या पाळीच्या टोकाला लाल ठिपका, कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा. निळ्याची पाळी टोकापर्यंत काळी.

तेव्हापासून लोक मासा घेऊन घरी येतात. आणि घरी आलेल्याला लीला पोहे देते.

आज फेराइनचे अध्यक्ष हेर हेबर्ले कोट घालून आले होते. ते कट्टर निळ्या तटाचे. टीपॉयवर सॅलडच्या काचेच्या भांड्यात मासा. हेर हेबर्ले पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून, मुलीच्या बापासारखे बसले.

कुमारनी चष्मा पुसला. माशाला म्हणाले, “जरा वळा बघू.”

मासा वळला.

“लाजतोय हो,” प्रभा म्हणाली. ती साताऱ्याहून बहिणीकडे राहायला आली होती. “भावोजी, स्वयंपाक येतो का विचारा ना त्याला.”

“काय म्हणतात बाई?” हेर हेबर्लेंनी विचारलं.

“मासा शांत स्वभावाचा वाटतो म्हणतात,” कुमारनी जर्मनमध्ये सांगितलं.

“गेनाऊ! अगदी बरोबर! आमच्या तळ्यात सगळे घरंदाजच आहेत.”

प्रभाला हसू आवरेना. “आणि पोहे कुणी केले तेही विचारा. आमच्याकडे तर पोहे घेऊन…” तिनं जीभ चावली.

लीलाचा बशी पुढे करणारा हात तिथंच थांबला.

कराडला एका लग्नाच्या पंगतीत वाढताना कुमारनी प्रभाला पाहिलं होतं. स्थळ प्रभासाठीच आलं. पण बघायच्या दिवशी प्रभाचे गाल गालगुंडानं टम्म फुगलेले. “दाखवायला काय, चेहरा एकच,” म्हणत आत्यानं प्रभाची साडी लीलाला नेसवली आणि पोह्यांचा ट्रे हातात दिला. मुलगी पसंत पडली. बरी झालेली प्रभा म्हणाली, मला परदेश नको. मग पत्रिकेवर लीलाचं नाव छापलं. कुणी विचारलंच, तर घरात तिला प्रभा म्हणतात असं सांगायचं ठरलं. कुणी विचारलं नाही. कुमारनीही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात लीलाच्या मनात एकच प्रश्न सलत राहिला होता: यांनी पसंत केलं ते कुणाला?

“सोनेनबार्श,” कुमार म्हणाले.

हेर हेबर्लेंचा घास घशात अडकला. “पण मी निळा म्हणून आणला! अंग बघा ना, किती निळं!”

“अंगाचा रंग पाण्यागणिक बदलतो. कान बघा. ठिपका आहे.”

“आल्झो… मग पाटीवर?”

“हाच रंगवा. चांगला आहे हो मासा.”

हेर हेबर्ले माशाकडे बघत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी रुमालानं डोळे टिपले, भांडं उराशी धरलं, आणि लेकीला निरोप द्यावा तसे दोन्ही बहिणींचे हात दाबून निघून गेले. लीलाचं भांडंही गेलं.

दार लागलं. लीला मागे न वळताच बोलली.

“अहो, माशाच्या कानावरचा ठिपका दिसतो तुम्हाला. त्या दिवशी पोहे घेऊन कोण आली होती, ते दिसलं होतं का?”

प्रभा हळूच उठायला लागली.

“बसा, प्रभाताई,” कुमार म्हणाले. “तुमच्यावाचून कसं सांगू? कराडला यांनी मला जिलबी वाढली, तेव्हा यांच्या कानात बुगडी होती. आजही आहे, बघ. पोहे घेऊन आली तिच्या वरच्या पाळीला भोकच नव्हतं.”

लीलाचा हात आपल्या कानाकडे गेला. लहानपणी बुगडीसाठी कान टोचायला सोनार आला तेव्हा ती माळ्यावर लपून बसली होती.

“म्हणजे तेव्हाच कळलं होतं?”

“ट्रे खाली ठेवायच्या आत.”

“तरी हो म्हणालात?”

“ट्रे ठेवताना तू माझ्या बशीतला एक शेंगदाणा उचलून खाल्लास. कुणाचं लक्ष नाही बघून.”

“अहो, पण मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? त्याच दिवशी विचारायचं होतं!”

कुमार टीपॉयवरचं पाणी पुसत होते. ते थांबले.

“विचारलं असतं, तर तुमच्या घरच्यांनी बदलून दिली असती.”